फक्कीभर पूड आणि तीस दिवसांची नोटीस

पाकीट साधंच असायचं. चकचकीत पिशवी, वर एखादं पान छापलेलं, ‘मेंग दा’ किंवा ‘बाली’ असं काहीतरी दूरदेशीचं नाव, आणि आत शेवग्याच्या पाल्याच्या भुकटीसारखी हिरवी पूड. २०१६ च्या आसपास अमेरिकेतल्या कित्येक गॅस स्टेशनांच्या काउंटरवर, लायटर आणि च्युइंगमच्या शेजारी, हे पाकीट टांगलेलं दिसे. उलटून पाहिलं तर बऱ्याच पाकिटांवर मागे बारीक अक्षरांत एक ओळ असे : मानवी सेवनासाठी नाही. विकणाऱ्याला ठाऊक, की घेणारा ही पूड पोटात घेणार आहे. घेणाऱ्याला ठाऊक, की विकणाऱ्याला ते ठाऊक आहे. सरकारलाही ठाऊक. तरी ती ओळ छापायची, कारण ‘खाण्यासाठी’ म्हटलं की अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, दारात येऊन उभं राहतं.

घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. चमचाभर पूड जिभेवर टाकायची, वर पाण्याचा मोठा घोट, आणि तोंड वाकडं करत गिळून टाकायची. रात्री झोपताना त्रिफळा चूर्णाची फक्की मारतात तशीच. चव कडूजहर. ज्यांना सोसत नाही ते कॅप्सूल घेतात, नाहीतर पूड उकळून लिंबू पिळून चहा करतात.

या पुडीचं नाव क्रॅटम. ३१ ऑगस्ट ते १३ ऑक्टोबर २०१६ या सहा आठवड्यांत अमेरिकन सरकारनं तिच्यावर देशभर बंदी घालायची जय्यत तयारी केली आणि मग ती तयारी मागे घेतली. बंदी योग्य होती की अयोग्य यावर तेव्हापासून भरपूर रण माजलंय. मला दुसराच प्रश्न जास्त टोचतो. या सगळ्या धुमश्चक्रीत पाकिटात नेमकं काय आहे हे बघायचं काम कोणाचं होतं?

आधी झाड

क्रॅटम म्हणजे मिट्रागायना स्पेसिओसा, कॉफीच्या कुळातला उंच वृक्ष. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी हे त्याचं घर. पीटर कोर्टहाल्स या डच वनस्पतिशास्त्रज्ञाला फुलातल्या कुक्षीचा आकार बिशपच्या उंच टोपीसारखा, माय्टरसारखा वाटला, म्हणून १८३९ मध्ये त्यानं या वंशाला ‘मिट्रागायना’ हे नाव दिलं. याच वंशातला एक भाऊबंद महाराष्ट्राच्या पानगळीच्या जंगलांत दिसतो : कळंब. भाऊबंद असले तरी दोघांचे गुण वेगळे, त्यामुळे हे वाचून कोणी कळंबाची पानं ओरबाडायला जाऊ नये.

दक्षिण थायलंडात रबराच्या मळ्यांत आणि शेतात राबणारी माणसं क्रॅटमचं ताजं पान चघळत आली आहेत. विड्याच्या पानाची काढतो तशी मधली शीर ओढून काढायची आणि पान गालात धरायचं. उन्हात काम रेटायला बळ येतं, भूक दबते. थोडं घेतलं की कॉफीसारखी तरतरी, जास्त घेतलं की अफूकडे झुकणारी गुंगी आणि दुखणं कमी. एकाच पानाची ही दोन तोंडं, आणि नियम करणाऱ्यांची डोकेदुखी इथूनच सुरू होते. पानातलं मुख्य द्रव्य मिट्रागायनिन. मॉर्फिन मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतं तिथेच तेही बसतं, पण मॉर्फिनसारखं दार सताड उघडत नाही, किलकिलं करतं. दुसरं द्रव्य सात-हायड्रॉक्सी-मिट्रागायनिन. पानात ते नावापुरतं असतं, मात्र पहिल्यापेक्षा कित्येक पटींनी जहाल.

थायलंडनं या झाडावर १९४३ साली बंदी घातली. लोकांच्या तब्येतीची काळजी हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं. अफूवर सरकारी कर जबर होता, क्रॅटम परसातल्या झाडाला फुकट लागत होतं, आणि अफूचं गिऱ्हाईक तिकडे वळल्यामुळे तिजोरीला खोट बसते अशी चर्चा त्या वेळच्या थाई विधिमंडळात झाली होती. हे वाचताना मला मुंबई सरकारचा १८९२ चा मोहाच्या फुलांवरचा कायदा आठवतो. ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींनी आपल्याच जंगलातली मोहाची फुलं गोळा करून बाळगायची नाहीत, कारण त्यांची दारू गाळली तर सरकारी दारूचं उत्पन्न बुडतं. कायद्याच्या मसुद्यात भाषा आरोग्याची, मागे हिशेब अबकारीचा.

धड आत नाही, धड बाहेर नाही

अमेरिकेत क्रॅटम आलं ते इंडोनेशियातून. बोर्निओ बेटावरच्या पश्चिम कालिमंतानमध्ये, कापुआस नदीच्या वरच्या खोऱ्यात, रबराचे भाव पडल्यावर शेतकऱ्यांनी क्रॅटम लावलं. पानं वाळवायची, दळायची, पोत्यात भरून पोंतियानाक बंदरातून रवाना करायची. त्या गावांत कोणी ते पाकीट पाहिलेलं नाही आणि अमेरिकेतल्या ग्राहकानं ते झाड पाहिलेलं नाही.

अमेरिकेत १९९४ चा सप्लिमेंट, म्हणजे पूरक आहाराच्या गोळ्या-पुड्यांचा, कायदा लागू आहे. १५ ऑक्टोबर १९९४ च्या आधी बाजारात नसलेला कुठलाही घटक ‘नवा’ धरला जातो. तो विकायचा असेल तर सुरक्षिततेचे पुरावे घेऊन ७५ दिवस आधी एफडीएला कळवावं लागतं. क्रॅटमचे असे पुरेसे पुरावे आमच्यापुढे कोणी ठेवलेले नाहीत, सबब सप्लिमेंट म्हणून ते बेकायदा, ही एफडीएची भूमिका. त्या जोरावर बंदरात माल अडवायचे हुकूम निघाले आणि छापे पडले. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसमध्ये २५,००० पौंड, म्हणजे सुमारे ११ टन क्रॅटम जप्त झालं. किंमत ५० लाख डॉलरच्या वर. जानेवारी २०१६ मध्ये इलिनॉयमधल्या साउथ बेलॉइटला क्रॅटमच्या गोळ्यांच्या सुमारे ९०,००० बाटल्या उचलल्या.

पण जवळ बाळगणं किंवा घेणं हा केंद्रीय गुन्हा नव्हता. म्हणजे माल आणणारा अर्धा चोर आणि घेणारा साव. या मधल्या फटीतून धंदा वाढला. दुकानदारांनी पूड ‘धूप’, ‘रंग’, ‘वनस्पतीचा नमुना’ अशा नावांनी विकली. माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथेच आहे. पाकिटावर ‘एका वेळी इतकंच घ्या’, ‘दारूबरोबर घेऊ नका’, ‘गरोदरपणी टाळा’ यातलं काहीही छापलं, तर ते खाण्यासाठी विकल्याचा लेखी पुरावा होतो. म्हणून प्रामाणिक दुकानदारानंही काही छापायचं नाही. जी माहिती घेणाऱ्याच्या जिवाची राखण करू शकली असती, तीच विकणाऱ्याला गोत्यात आणणारी. एफडीएचंही तेच. जो पदार्थ आपण मान्यच करत नाही त्याला शुद्धतेचे निकष कसे लावणार? निकष लावले तर मान्य केल्यासारखं होतं. त्यामुळे पोत्यात माती आहे, जंतू आहेत की आणखी काही, हे तपासायची सक्ती प्रत्यक्षात कोणावरच आली नाही.

काही राज्यांनी आपापल्या पातळीवर विषय संपवला. विस्कॉन्सिन, इंडियाना, टेनेसी, व्हरमाँट यांनी आधीच बंदी केली होती. २०१६ च्या पूर्वार्धात आर्कान्सा आणि अलाबामा त्यांच्यात जाऊन बसले.

नोटीस

३१ ऑगस्ट २०१६ च्या फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिकडच्या राजपत्रात, अमली पदार्थविरोधी यंत्रणेची, डीईएची नोटीस छापून आली. मिट्रागायनिन आणि सात-हायड्रॉक्सी ही दोन्ही द्रव्यं तातडीच्या अधिकाराखाली शेड्यूल १ मध्ये टाकायचा इरादा आहे, आणि ३० सप्टेंबरपासून ते कधीही अंमलात येऊ शकतं. शेड्यूल १ म्हणजे हेरॉइन आणि एलएसडीची पंगत. गैरवापराची मोठी शक्यता, वैद्यकीय उपयोग शून्य, डॉक्टरच्या देखरेखीतही असुरक्षित, असे तिन्ही शेरे एकदम.

तातडीचा अधिकार १९८४ पासून कायद्यात आहे. एरवी एखादं द्रव्य यादीत घालायचं तर आठ निकषांवर शास्त्रीय छाननी लागते, आरोग्य खात्याची शिफारस लागते, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. तातडीच्या वाटेनं आठातले तीनच निकष पुरतात आणि हरकती ऐकायचं बंधन नसतं. एकदा बंदी आली की दोन वर्षं, वर आणखी एक वर्ष वाढवता येते. हा अधिकार प्रामुख्यानं वापरला गेला तो प्रयोगशाळेत रातोरात बनणाऱ्या नकली गांजासारख्या रसायनांसाठी. आज एका रेणूवर बंदी घातली की उद्या एक अणू बदलून दुसरा बाजारात, त्या पळापळीत घाई समजण्यासारखी आहे. शेकडो वर्षं चघळल्या जाणाऱ्या पानासाठी ही घाई कशाला, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उठला.

नोटिशीतले आकडे बघण्यासारखे आहेत. २०१० ते २०१५ या सहा वर्षांत क्रॅटमसंदर्भात विषबाधा केंद्रांना ६६० फोन आले. पहिल्या वर्षी २६, शेवटच्या वर्षी २६३. दहापट वाढ हे खरं, आणि दुर्लक्ष करावं असं ते नाही. पण त्यातल्या जिवावर बेतलेल्या घटना साडेसात टक्क्यांच्या आसपास होत्या. दुसरा आकडा : २०१४ ते २०१६ दरम्यान क्रॅटमशी संबंधित १५ मृत्यू. या ‘संबंधित’मध्ये सगळी गोम आहे. बहुतेक मृतांच्या अंगात दुसरीही औषधं किंवा नशेचे पदार्थ सापडले होते. तिसरा आकडा बंदरांवरचा. पकडलेलं ५५,००० किलो आणि निर्णयाविना पडून असलेलं ५७,००० किलो, मिळून १ लाख १२ हजार किलो. यातून १ कोटी २० लाखांहून जास्त डोस झाले असते, असं डीईएचं म्हणणं. मी सहज भागून पाहिलं. एका डोसला नऊ ग्रॅमच्या आसपास पडतात. एवढी फक्की एका दमात मारणारा गडी म्हणजे मोठाच पट्टीचा म्हणायचा.

मृत्यूंच्या हिशेबात स्वीडनचं एक जुनं प्रकरण सांगायलाच हवं. तिथे ‘क्रिप्टॉन’ नावाची पूड क्रॅटम म्हणून विकली जायची आणि वर्षभराच्या आत नऊ जण दगावले. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी ते प्रसिद्ध केलं तेव्हा कळलं, की पुडीत क्रॅटमच्या जोडीला ओ-डेसमिथिल-ट्रॅमाडॉल हे कारखान्यात बनलेलं तीव्र वेदनाशामक मिसळलेलं होतं. नऊच्या नऊ जण पान चघळून गेले नाहीत, पाकिटावर न लिहिलेल्या गोष्टीनं गेले. बंदीवाले हा आकडा क्रॅटमच्या खात्यावर मांडतात आणि क्रॅटमवाले ‘ते काही आमचं नव्हे’ म्हणून हात झटकतात. भेसळ होऊ शकते आणि ती पकडणारं कोणी नाही, हे दोन्ही बाजूंना गैरसोयीचं.

सहा आठवडे

त्या महिन्यात काय झालं ते समजायला त्या वर्षीची अमेरिका डोळ्यापुढे आणावी लागते. २०१६ मध्ये तिथे ओपिऑइडमुळे, म्हणजे अफूसारख्या गुणाच्या औषधांमुळे आणि नशेच्या पदार्थांमुळे, ४२,००० हून अधिक माणसं मेली. आधी वीस वर्षं डॉक्टरांनी पाठदुखीपासून दातदुखीपर्यंत ऑक्सिकोडोनच्या गोळ्या सढळ हातानं लिहून दिल्या. लोक त्यांच्या नादी लागले आणि मग यंत्रणा जागी झाली. मार्च २०१६ मध्ये केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेनं, सीडीसीनं, या गोळ्या जपून लिहून देण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना शहाण्या होत्या, पण कित्येक दवाखान्यांनी त्यांचा अर्थ ‘गोळ्या बंद’ असा घेतला. वर्षानुवर्षं गोळीवर असलेल्या माणसाचं दुखणं सूचनेनं थांबत नाही आणि तलफही थांबत नाही. अशा माणसापुढे तीन वाटा होत्या. मेथाडोन या तलफ दाबणाऱ्या औषधासाठी रोज क्लिनिकची पायरी चढा, गल्लीतलं हेरॉइन घ्या (ज्यात तोवर फेंटानिल हे त्याहून जहाल ओपिऑइड मिसळायला लागलं होतं), नाहीतर गॅस स्टेशनवरचं हिरवं पाकीट. बरीच माणसं तिसऱ्या वाटेला गेली.

त्यांना सप्टेंबरात कळलं, की ३० तारखेनंतर स्वयंपाकघराच्या फडताळातली आपली बरणी म्हणजे हेरॉइनइतकाच गुन्हा. साहजिकच दुकानांवर झुंबड उडाली. ज्याला जमेल त्यानं किलोकिलोनं भरून ठेवलं. व्यसनाच्या दृष्टीनं याहून वाईट सल्ला कुठला असेल? रोज चार चमचे मोजून घेणाऱ्याच्या घरात वर्षाचा साठा आला, आणि तो त्यानं सरकारच्याच धाकानं भरला.

१३ सप्टेंबरला व्हाइट हाउससमोर मोर्चा निघाला. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरच्या अर्जाला महिनाभरात १ लाख सह्या लागतात, इथे १ लाख ४० हजारांवर झाल्या. प्रतिनिधिगृहातल्या ५१ सदस्यांनी घाई करू नका असं पत्र लिहिलं. पुढाकार विस्कॉन्सिनचे डेमोक्रॅट मार्क पोकन आणि ॲरिझोनाचे रिपब्लिकन मॅट सॅमन यांचा. पोकन यांच्या स्वतःच्या राज्यात क्रॅटमवर आधीच बंदी होती, हा त्यातला गमतीचा भाग. त्या वर्षी, ट्रम्प-क्लिंटन निवडणुकीच्या ऐन धुरळ्यात, दोन्ही पक्षांचे खासदार एका कागदावर सही करतात ही गोष्टच नवलाची होती.

संशोधकांची कुरकुर वेगळ्या कारणानं होती. कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं त्याच वर्षी मिट्रागायनिन मेंदूत कसं वागतं ते दाखवलं होतं. ते ओपिऑइडच्या जागी बसतं, पण श्वास मंदावण्याशी ज्या प्रक्रियेचा संबंध जोडला जात होता ती सुरू करत नाही. यातून कमी धोक्याचं वेदनाशामक निघेल अशी आशा होती. शेड्यूल १ आलं की प्रत्येक प्रयोगाला वेगळा परवाना, तिजोरी, नोंदवह्या, तपासण्या. म्हणजे ‘पुरेसं संशोधन नाही’ म्हणून बंदी आणि बंदीमुळे संशोधन नाही.

१३ ऑक्टोबरच्या राजपत्रात डीईएनं नोटीस मागे घेतली आणि १ डिसेंबरपर्यंत लोकांचं म्हणणं मागवलं. छापून आलेली तातडीच्या बंदीची नोटीस अशी गुंडाळायची वेळ त्या यंत्रणेवर क्वचितच आली असेल. २३,००० हून जास्त अभिप्राय आले. पाठदुखी, अपघातानंतरचं दुखणं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांची झोप, सुटलेली ऑक्सिकोडोन, दारू. बहुतेकांचा सूर ‘मला जगू द्या’ असा.

हे वाचून माणूस हेलावतो, पण इथे थोडं सावध राहायला हवं. ऑक्टोबर २०१६ मध्येच फ्लोरिडा विद्यापीठातून झालेल्या ऑनलाइन पाहणीत ८,०४९ वापरकर्त्यांनी उत्तरं दिली. ६८ टक्क्यांनी दुखण्यासाठी आणि ६६ टक्क्यांनी मनाच्या तक्रारींसाठी क्रॅटम घेत असल्याचं सांगितलं. मात्र बंदीच्या टांगत्या तलवारीखाली, स्वतःहून फॉर्म भरायला आलेली ही माणसं. ज्यांना क्रॅटमनं आडवं केलं ते अशा पाहणीत कशाला येतील? मलेशियात पेनांगच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २९३ नियमित केतुम पिणाऱ्यांचा अभ्यास केला (क्रॅटमला तिकडे केतुम म्हणतात), त्यांत निम्म्याहून अधिक जणांना तीव्र सवय जडलेली होती. सोडताना अंग दुखणं, नाक गळणं, झोप उडणं. हेरॉइनइतकं भयंकर नाही, पण ‘ही काय, साधी वनस्पती’ असं म्हणून झटकून टाकण्यासारखंही नाही. अफू तरी कुठे कारखान्यात उगवते?

मागे घेतलेल्या नोटिशीनंतर

मोर्च्यातली माणसं घरी गेली, दुकानं चालू राहिली, आणि पाकिटावरची ती ओळही तशीच राहिली. बंदी टळली म्हणजे नियम आला असं थोडंच आहे. एफडीए म्हणत राहिलं की हे बेकायदा आहे, आणि ते विकलं जात राहिलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एफडीएचे प्रमुख स्कॉट गॉटलीब यांनी ४४ मृत्यूंचा आकडा दिला आणि संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे क्रॅटममधली द्रव्यं ओपिऑइडच असल्याचं सांगितलं. पण त्याच महिन्यात गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. ठिकठिकाणी साल्मोनेलाची लागण झालेले रुग्ण सापडू लागले, आणि त्यांना जोडणारा धागा निघाला क्रॅटम. मे महिन्यात साथ ओसरली तोवर ४१ राज्यांत १९९ जण आजारी पडले होते. ना ओपिऑइड, ना ओव्हरडोस. ज्या जंतूंमुळे कोंबडी नीट शिजवा म्हणतात तेच जंतू, वाळवणात किंवा दळणात कुठेतरी शिरलेले. लास व्हेगासच्या एका कंपनीनं माल परत बोलवायला नकार दिला तेव्हा एफडीएनं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सक्तीचा हुकूम काढला. २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं असा अधिकार दिल्यापासून पूर्ण सक्तीचा पहिलाच हुकूम. पुढच्या वर्षी ३० उत्पादनं तपासली तेव्हा शिसं आणि निकेलही सापडलं. ही तपासणी २०१४ साली, व्हॅन नाइसची ११ टन पोती ताब्यात होती तेव्हाच नित्याची करता आली असती.

सीडीसीनं २०१९ मध्ये ताळा मांडला. जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ दरम्यानच्या २७,३३८ ओव्हरडोस मृत्यूंपैकी १५२ जणांत क्रॅटम सापडलं, त्यांतल्या ९१ जणांत ते मृत्यूचं कारण ठरवलं गेलं, आणि क्रॅटमशिवाय दुसरं काहीच सापडलं नाही असे सात. दोन्ही गट हा आकडा आपल्या बाजूनं वाचतात. फार थोडे, म्हणून बिनधोक म्हणावं, तर ते सात आडवे येतात.

पडद्याआड आणखी एक गोष्ट घडली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये आरोग्य खात्यानं दोन्ही द्रव्यं शेड्यूल १ मध्ये टाकायची लेखी शिफारस डीईएला केली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच खात्याचे सहायक सचिव ब्रेट जिरॉयर यांनी पुरावा अपुरा आहे आणि बंदीनं लोक अधिक घातक ओपिऑइडकडे वळण्याचा धोका आहे, असं लिहून ती शिफारस रद्द केली. हे पत्र लोकांसमोर आलं जानेवारी २०२१ मध्ये. म्हणजे अडीच वर्षं ज्यांच्या डोक्यावर तलवार टांगलेली, त्यांना ती काढून घेतल्याचं कोणी सांगितलंच नाही.

केंद्रानं काखा वर केल्यावर काही राज्यांनी सरळ मार्ग धरला. २०१९ मध्ये यूटानं पहिला क्रॅटम ग्राहक संरक्षण कायदा केला आणि त्याच वर्षी जॉर्जिया, ॲरिझोना, नेवाडा मागोमाग आले. यूटाच्या कायद्यात मोठं तत्त्वज्ञान नाही. विकायचं तर राज्याच्या शेती खात्याकडे नोंदणी करा, भेसळ नको, सात-हायड्रॉक्सीचं प्रमाण एकूण अल्कलॉइडांच्या दोन टक्क्यांवर जायला नको, लेबलवर आत काय आहे ते लिहा, १८ च्या खालच्याला देऊ नका. मिठाईच्या दुकानाला आपण जे नियम लावतो त्याहून फार वेगळे नाहीत. थायलंडनंही २४ ऑगस्ट २०२१ ला क्रॅटम अमली पदार्थांच्या यादीतून काढलं, हजारो खटले निकालात निघाले, आणि वर्षभरानं स्वतंत्र कायदा केला : १८ खालच्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना विकायचं नाही, शाळेत, वसतिगृहात, सार्वजनिक बागेत विकायचं नाही. घराच्या दारात झाड असणं हा तिथे आता गुन्हा नाही.

जिथे असा कायदा नव्हता तिथे मोकळं रान होतं, आणि त्यात जे उगवलं ते २०२३ नंतर दिसू लागलं. आता पूड मागे पडली. तिच्या शेजारी छोट्या चावायच्या गोळ्या आल्या, फळांच्या चवीच्या, नाव ‘सेव्हन-ओएच’. मिट्रागायनिनवर रासायनिक प्रक्रिया करून सात-हायड्रॉक्सी बनवायचं आणि शुद्ध स्वरूपात विकायचं. पानात जे नावापुरतं होतं तेच इथे सगळं. पाकिटावर मात्र क्रॅटमचंच पान. जुलै २०२५ मध्ये एफडीएनं सात-हायड्रॉक्सी शेड्यूल १ मध्ये टाकायची शिफारस केली आणि या वेळी स्पष्ट केलं, की रोख नैसर्गिक पानाकडे नाही. पान आणि अर्क यांतला हा फरक २०१६ च्या नोटिशीत नव्हता. तेव्हा दोन्ही द्रव्यं एकाच दावणीला बांधली होती, आणि त्यामुळे दोन्ही एकदमच सुटली.

राज्यं अजूनही आपापल्या दिशेनं ओढताहेत. ऱ्होड आयलंडनं बंदी उठवायचा कायदा केला, त्याच २०२५ सालात लुइझियानानं बंदी आणली. ग्राहकाला याचा अर्थ रस्त्यावर कळतो. अटलांटाहून बर्मिंगहॅमला जाणारा आय-२० हमरस्ता घ्या. अटलांटात दुकानातून रीतसर लेबल असलेलं, पावतीसकट पाकीट घेतलं, गाडीच्या कप्प्यात टाकलं आणि पश्चिमेला निघालं, की तासाभरात जॉर्जिया संपून अलाबामा लागतं. हद्दीवर नाकं नाही, कोणी गाडी थांबवत नाही. फोनवरचं घड्याळ आपोआप एक तास मागे जातं, आणि कप्प्यातलं तेच पाकीट शेड्यूल १ मध्ये जाऊन बसतं.